साखळीपलीकडचे मांजर : पाळीव कुत्रा आणि खोडकर शेजारी

सातारा, कराड, सांगली, मिरज यांसारख्या गावांमध्ये कुत्रा बहुधा एका घराचा असतो आणि मांजर गल्लीचे असते. कुत्र्याला नाव, पट्टा, ठरलेली जागा आणि जेवणाची ठरलेली वेळ असते, तर मांजर एका घरी दूध पिते, दुसऱ्या घराच्या माळ्यावर विते आणि तिसऱ्या घराच्या कठड्यावर ऊन खात झोपते. या दोन वेगळ्या जीवनपद्धती एकाच अंगणात समोरासमोर आल्या की जे घडते, ते पाहणाऱ्याला बहुतेक वेळा खोडी वाटते. मांजर बांधलेल्या कुत्र्यापासून हातभर अंतरावर येऊन बसते, शेपटीचे टोक हलवते, पंजा चाटते, कुत्रा भुंकून आणि ओढ घेऊन थकला की उठून दोन पावले पुढे सरकते आणि पुन्हा बसते. घरातली मुले हसतात, कोणी मोबाइलवर चित्रण करते, आणि घरधनी कधी मांजराला हाकलतो तर कधी कुत्र्यालाच गप्प बसण्यासाठी दटावतो. या प्रसंगाकडे वर्तनशास्त्राच्या, म्हणजे प्राणी कोणत्या परिस्थितीत कसे व का वागतात याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, खोडीचे मूळ मांजराच्या स्वभावापेक्षा कुत्र्याच्या साखळीत अधिक आहे आणि म्हणून उपायही मांजराला हाकलण्यापासून नव्हे, तर कुत्र्याची जागा, त्याची दिनचर्या आणि त्याला बांधण्याची पद्धत यांपासून सुरू करावा लागतो.

मांजर हे का करते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी ‘पलायन-अंतर’ ही संकल्पना मांडली. एखादा धोका किती जवळ आल्यावर प्राणी पळ काढतो, ते अंतर म्हणजे पलायन-अंतर. मोकळ्या कुत्र्याच्या बाबतीत मांजर हे अंतर बरेच मोठे ठेवते, कारण कुत्रा किती वेगाने आणि कोणत्या दिशेने येईल याचा भरवसा नसतो. बांधलेल्या कुत्र्याची झेप मात्र दर वेळी एकाच ठिकाणी संपते आणि काही दिवसांच्या अनुभवातून मांजराला ती जागा नेमकी ठाऊक होते. ज्या अंगणात कुत्रा वर्षानुवर्षे एकाच खुंटीला बांधलेला असतो, तेथे त्याच्या फेऱ्यांमुळे गवत जाऊन मातीचे एक उघडे वर्तुळ तयार झालेले असते, आणि मांजर बहुतेक वेळा त्या वर्तुळाच्या कडेबाहेरच बसलेले आढळते. धोका मर्यादित आहे हे शिकल्यावर भीती हळूहळू ओसरते. या प्रक्रियेला ‘सरावणे’ म्हणतात. त्यात कुत्र्याला हिणवण्याचा हेतू असतोच असे मानण्यास आधार नाही.

मांजराचे पंजा चाटणे पाहणाऱ्याला सर्वांत अपमानास्पद वाटते, परंतु त्याचाही वेगळा अर्थ संभवतो. कॉनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे निको टिनबर्गन यांनी ‘विस्थापित कृती’ या प्रकाराचा सविस्तर अभ्यास केला होता. पळावे की थांबावे, अशा दोन परस्परविरोधी प्रेरणा एकाच वेळी जाग्या झाल्या असता प्राणी त्या दोहोंशी संबंध नसलेली तिसरीच कृती, उदाहरणार्थ अंग चाटणे किंवा खाजवणे, करू लागतो. साखळीच्या टोकाशी बसून अंग चाटणारे मांजर निवांत असेलच असे नाही, ते काहीसे तणावातही असू शकते. याखेरीज मांजराची येण्याजाण्याची वाट ठरलेली असते आणि ती वाट जर कुत्र्याच्या अंगणातून जात असेल, तर ते रोज तेथून जाणारच. तरुण मांजरांच्या बाबतीत खेळाची ऊर्मीही खरी असते, कारण हलणाऱ्या वस्तूवर झडप घालून मागे पळणे हा त्यांच्या शिकारीच्या सरावाचाच भाग आहे आणि कुत्र्याची हलती शेपूट त्या सरावाला सहज सापडते.

कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर हाच प्रसंग फार वेगळा आहे. जे दिसते पण गाठता येत नाही, त्याविषयी वाढत जाणाऱ्या चिडीला ‘अडथळ्यातून येणारे वैफल्य’ म्हणतात. साखळी, जाळी किंवा फाटकाच्या गजांमागील कुत्रा मोकळ्या कुत्र्यापेक्षा अधिक आक्रमक भासतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. कुत्रा भुंकतो आणि काही वेळाने मांजर आपल्या सवडीने निघून जाते. कुत्र्याच्या अनुभवात मात्र भुंकण्याचा परिणाम म्हणून मांजर गेलेले असते. एखाद्या कृतीनंतर हवे ते घडले की ती कृती पुन्हा पुन्हा केली जाते, यास ‘प्रबलन’ म्हणतात, आणि अशा रीतीने मांजराची प्रत्येक फेरी कुत्र्याची भुंकण्याची सवय अधिक पक्की करते. त्याच वेळी मालक घरातून मोठ्याने ओरडला, तर कुत्र्याला ते दटावणे वाटण्याऐवजी साथ वाटण्याचीच शक्यता अधिक असते. मारल्याने तर निश्चितच हानी होते, कारण मांजर दिसणे आणि वेदना होणे यांची सांगड कुत्र्याच्या मनात बसते आणि पुढच्या खेपेस त्याचा राग वाढलेला असतो.

या भागात कुत्र्याविषयी जो आदर आहे, तो राखणदारीशी आणि इमानाशी जोडलेला आहे, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील संगम माहुली येथे थोरल्या शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले आणि त्यांनी त्याचा मोठा मान ठेवला, अशी आख्यायिका आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या पट्ट्यात मेंढपाळांच्या कळपाबरोबर चालणारी कुत्री लांडग्यांपासून मेंढरे राखत आली आहेत. अशा परंपरेत वाढलेल्या घरधन्याला आपल्या राखणीच्या कुत्र्यासमोर एखादे मांजर निवांत बसलेले पाहून कमीपणा वाटतो आणि मग त्याच्या तोंडून ‘छू’ निघते किंवा तो साखळी सोडून देतो. कमीपणाची ही भावना माणसाची असते. कुत्र्याला त्या क्षणी मान आणि अपमान यांपैकी काहीही जाणवत नसते, त्याला केवळ उत्तेजना आणि अडवणूक जाणवते. ‘छू’ म्हणणे हा या सर्व प्रकारातील सर्वांत घातक भाग आहे, कारण त्यानंतर मांजराचा पाठलाग हे मालकाला खूश करण्याचे काम आहे, असे कुत्रा शिकतो आणि हे शिकणे पुसून टाकण्यास महिने लागतात.

खेळ आणि वैर यांतला फरक ओळखता आला, तर निम्मे काम होते. खेळायला आलेला कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवतो. अमेरिकी संशोधक मार्क बेकॉफ यांनी कुत्र्यांच्या या मुद्रेचा बारकाईने अभ्यास केला असून ती ‘यापुढे जे होईल तो खेळ आहे’ अशा निमंत्रणाचे काम करते, असे मानले जाते. अशा वेळी कुत्र्याचे तोंड सैल उघडे असते, अंग लवचीक असते, हालचाली उगीच मोठ्या आणि वेड्यावाकड्या असतात. याउलट तोंड बंद, अंग ताठ, वजन पुढच्या पायांवर, मानेपासून पाठीपर्यंतचे केस उभे आणि नजर मांजरावर खिळलेली असेल, तर तो खेळ नाही. विशेषतः नेहमी भुंकणारा कुत्रा एकाएकी गप्प होऊन एकटक पाहू लागला, तर त्याच क्षणी त्याला तेथून दूर न्यावे. शिकारीच्या क्रमात पाहणे, दबा धरणे, पाठलाग, पकडणे आणि मारणे अशा पायऱ्या असतात आणि हे मौन दुसऱ्या पायरीचे लक्षण असते. मांजराच्या बाबतीत उभी शेपूट आणि तिचे किंचित वाकलेले टोक हे मैत्रीचे चिन्ह होय. फुगलेली शेपूट, डोक्याला चिकटलेले कान, तिरके होऊन कमानदार केलेली पाठ आणि फिस्कारणे ही भीतीची व बचावाची चिन्हे होत. नखे आत घेऊन मारलेली पंजाची थाप आणि नखे बाहेर काढून ओढलेला ओरखडा यांतील भेदही बारकाईने पाहणाऱ्यास कळतो.

या दोन प्राण्यांच्या खुणा एकमेकांशी जुळत नाहीत, ही अडचण येथे वारंवार आडवी येते. कुत्र्याची हलती शेपूट पुष्कळदा मैत्री दर्शवते, मांजराची आपटणारी शेपूट वैताग दर्शवते. पाठीवर लोळलेला कुत्रा नमते घेत असतो, पाठीवर लोळलेले मांजर चारही पंजे वापरण्याच्या तयारीत असू शकते. तेल अवीव विद्यापीठातील जोसेफ टर्केल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २००८ साली एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहवासातून हे प्राणी एकमेकांच्या उलट अर्थाच्या खुणाही समजून घेऊ शकतात आणि मांजर सहा महिन्यांच्या आत व कुत्रा वर्षाच्या आत एकमेकांच्या सहवासात आले असल्यास संबंध चांगले जुळण्याची शक्यता अधिक असते, असे त्यात आढळले. म्हणून ज्या घरी नुकतेच पिल्लू आणले आहे, त्या घराला ही समस्या मुळातच टाळण्याची संधी आहे. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते साधारण बारावा आठवडा हा ओळखी होण्याचा काळ असतो आणि या काळात सौम्य स्वभावाचे प्रौढ मांजर त्याला दुरून, शांतपणे व वारंवार दिसत राहिले, तर पुढे ते त्याला परके वाटत नाही.

शंका असेल तेव्हा एक साधी कसोटी लावावी. ज्याचा पाठलाग होत आहे, तो स्वतःहून परत येतो का, आणि पाठलाग करणारा व पळणारा यांची अदलाबदल होते का, हे पाहावे. मांजर कुत्र्याच्या शेपटीवर थाप मारून पळते, कुत्रा चार पावले धावून थांबतो, मांजर पुन्हा येते आणि या वेळी कुत्रा पाठ फिरवून पळतो, असे घडत असेल आणि मधूनमधून दोघेही विसावत असतील, तर तो खेळ आहे. त्यात हस्तक्षेप करू नये, केवळ लक्ष ठेवावे. मात्र ही कसोटी दोघेही मोकळे असतानाच लागू पडते. ज्याला निघून जाता येत नाही, त्याच्या बाबतीत तो खेळतो आहे की सोसतो आहे, हे बाहेरून ठरवता येत नाही, आणि साखळीने बांधलेल्या कुत्र्याला कधीच निघून जाता येत नाही.

येथून प्रत्यक्ष उपायांकडे वळता येते, आणि त्यांचा आरंभ साखळीपासून करावा. अंगणाला सलग भिंत किंवा पक्के कुंपण असेल, तर कुत्र्याला फाटक बंद करून मोकळे ठेवणे सर्वांत उत्तम. तो मोकळा आहे हे कळताच मांजराचे पलायन-अंतर आपोआप वाढते आणि ते वाट बदलून भिंतीवरून किंवा छपरावरून जाऊ लागते. कुंपण नसेल, तर दोन खांबांमध्ये डोक्याच्या उंचीवर तार ओढून तिच्यावर सरकणाऱ्या कडीला दोरी जोडावी, म्हणजे कुत्र्याला फिरण्यासाठी लांबच लांब जागा मिळते. मात्र तारेच्या दोन्ही टोकांना अडणी बसवावी, म्हणजे दोरी खांबाला गुंडाळली जाणार नाही. कठड्याशेजारी, जिन्याच्या तोंडाशी किंवा उंच ओट्यावर कुत्र्याला कधीही बांधू नये. मांजरामागे उडी घेतलेला कुत्रा पलीकडच्या बाजूला साखळीने लटकून गुदमरतो, आणि ही दुर्घटना काही क्षणांत घडते. गच्चीवर ठेवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत कठड्याची उंची तपासावी, कारण पाठलागाच्या भरात त्याला पलीकडील खोलीचे भान राहत नाही. वारंवार ओढ घेणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरावा, त्यामुळे श्वासनलिकेवर आघात होत नाही.

साखळीविषयी आणखी एक सूचना कृष्णाकाठच्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत सांगलीतील गावभागासह नदीकाठच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी मांजर उंच जागा गाठते, पण बांधलेला कुत्रा जागीच बुडतो. पावसाळ्यात नदीच्या पातळीचा इशारा मिळताच कुत्र्याला बरोबर न्यावे, आणि ते खरोखरच अशक्य असल्यास निदान त्याची साखळी सोडूनच घर सोडावे.

जागेनंतर वेळेचा विचार करावा. मांजर प्रामुख्याने पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे संधिप्रकाशात, अधिक हालचाल करते. आठवडाभर निरीक्षण करून ते कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने येते याची नोंद ठेवावी आणि त्या वेळेच्या थोडे आधी कुत्र्याला भरपूर फिरवून आणावे. दमून आलेला, रस्त्यावरचे वास घेऊन तृप्त झालेला कुत्रा मांजराकडे फार तर मान वर करून पाहतो. दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या आयुष्यात मात्र मांजराची फेरी हीच एकमेव घडामोड असते, म्हणून तो तिच्यावर सगळी शक्ती खर्च करतो. तसेच, कुत्र्याच्या ताटलीत उरलेली दूध-भाकरी किंवा मासळीचे काटे तसेच राहू देऊ नयेत, कारण मांजराच्या येण्याचे खरे कारण पुष्कळदा ती ताटलीच असते. अर्ध्या तासाच्या आत ताटली उचलून धुऊन ठेवावी. फाटकाच्या गजांतून मांजर दिसत असेल, तर खालच्या दोन-तीन फुटांवर पत्रा किंवा हिरवी शेडनेट बांधावी. दृष्टीआड झालेल्या मांजराचा वास येत राहिला तरी उत्तेजना पुष्कळ कमी होते. मांजरालाही वरच्या बाजूने जाण्यासाठी एक निर्वेध वाट असू द्यावी. ज्याला सुटकेचा मार्ग माहीत असतो, ते मांजर नखे काढत नाही, आणि कोंडीत सापडलेले मांजर आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या कुत्र्याच्या डोळ्यावर झेप घेते.

यानंतर शिकवण्याचा भाग येतो आणि तो संथपणे करावा लागतो. कुत्रा मांजर पाहूनही भुंकत नाही, असे काही एक अंतर असते, त्यास ‘सहन-अंतर’ म्हणता येईल. एखाद्या कुत्र्याचे ते वीस फूट असेल, एखाद्याचे पन्नास. मांजर दिसताच कुत्र्याला छोट्या दोरीवर त्या अंतराबाहेर न्यावे, त्याने मांजराकडे पाहिले की लगेच, तो भुंकण्यापूर्वीच, खाऊचा बारीक तुकडा द्यावा आणि त्याने मालकाकडे मान वळवली की आणखी एक द्यावा. मांजर दिसणे म्हणजे काहीतरी चांगले मिळणे, ही नवी सांगड बसू लागली की अंतर एक-दोन फुटांनी कमी करावे. कुत्रा भुंकला, तर अंतर फार लवकर कमी केले गेले असे समजावे आणि न रागावता मागे जावे. मांजर आपल्या वेळेनुसारच येणार असल्याने खाऊचा डबा दाराशी तयार ठेवावा आणि एका वेळी काही मिनिटांपेक्षा अधिक हा सराव करू नये. ‘बस’, ‘थांब’ हे शब्द मांजर समोर नसताना घरात आधी पक्के करून घ्यावेत, उत्तेजित कुत्र्याला नवा शब्द शिकवता येत नाही. खाऊ म्हणून भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा किंवा बिनमसाल्याच्या कोंबडीचा तुकडा पुरेसा आहे. तासगाव-सांगलीकडच्या घरांत बेदाणे सहज हाताशी असतात, पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतात, म्हणून ते थोडेसेही देऊ नयेत. कांदा, लसूण आणि चॉकलेट यांबाबतही हेच पथ्य पाळावे.

कारवानी कुत्र्यांच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्रात कारवानी आणि कर्नाटकातील मुधोळ संस्थानाच्या नावावरून मुधोळ म्हणून ओळखली जाणारी ही जात नजरेने सावज हेरून वेगाने गाठण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांतही तिचा समावेश होता. सातारा-सांगलीच्या माळरानांवर ही कुत्री मोठ्या आवडीने पाळली जातात. बसलेल्या मांजराकडे ती दुर्लक्ष करू शकतात, पण पळणारे मांजर पाहताच त्यांच्या कानांवर मालकाचा शब्द पडेनासा होतो. हा अवज्ञेचा दोष नसून जातीचा गुण आहे. अशा कुत्र्याला वस्तीत दोरीशिवाय फिरवू नये, त्याला धावण्यासाठी बंदिस्त रान किंवा मैदान द्यावे आणि मांजराशी मैत्री करण्याचा आग्रह धरू नये. दोघांच्या मध्ये पक्के कुंपण असणे हाच येथे यशस्वी उपाय होय.

एवढे करूनही झटापट झालीच, तर हात मध्ये घालू नये. बादलीभर पाणी ओतावे, ताटावर पळी आपटून मोठा आवाज करावा किंवा दोघांवर गोणपाट अथवा जाड चादर टाकावी. नंतर कुत्र्याचे डोळे प्रथम पाहावेत. मांजराच्या नखाने डोळ्याच्या पारदर्शक पटलावर पडलेला ओरखडा सुरुवातीला दिसत नाही, पण कुत्रा एक डोळा मिटून ठेवतो, पाणी येते आणि पुढे पटल निळसर-पांढुरके दिसू लागते. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. घरात उरलेले थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास जखम झपाट्याने वाढते. मांजराच्या दाताची जखम वरून लहान असते आणि लवकर मिटते, मात्र आत पू साचून दोन-चार दिवसांनी गाठ येते, म्हणून सुजेवर लक्ष ठेवावे. माणसाला ओरखडा किंवा चावा बसला असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नये आणि विलंब न करता सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीज प्रतिबंधक लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जखमेतून रक्त आले असल्यास लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूला तत्काळ रोखणारी तयार प्रतिपिंडेही, आवश्यक असते. रेबीज मांजरापासूनही होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी लस द्यावीच, पण गल्लीतल्या मांजरालाही ती मिळाली, तर सर्वांचेच संरक्षण होते.

पिसवांचा प्रश्न याहून किरकोळ वाटला, तरी तो अधिक चिवट आहे. मांजरावर आढळणारी पिसूच कुत्र्यावरही राहते आणि तिच्यावाटे पोटात जाणाऱ्या फीतकृमीचे काकडीच्या बीसारखे दिसणारे तुकडे कुत्र्याच्या विष्ठेत सापडतात. त्यावर औषध घेताना एक खबरदारी अत्यंत आवश्यक आहे. कुत्र्यांच्या पिसू-गोचीडांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला प्राणघातक ठरू शकते. असे औषध लावलेल्या कुत्र्याला ते वाळेपर्यंत मांजराच्या संपर्कात येऊ देऊ नये, आणि कुत्र्याचे उरलेले औषध दयाबुद्धीने मांजराला कदापि लावू नये. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विषासमान आहे.

मांजर शेजाऱ्यांच्या आधाराने राहत असेल, तर बोलणे टाळू नये आणि बोलण्याचा सूर तक्रारीचा ठेवू नये. ‘काकू, तुमची मनी आमच्याकडे संध्याकाळी येते, तेव्हा मोती बांधलेला असतो, तिला त्याच सुमारास तुमच्याकडे जेवायला मिळाले तर बरे होईल’, असे म्हटल्यास विषय दोघांच्या काळजीचा होतो. खर्च वाटून घेऊन बोक्याचे किंवा मांजरीचे निर्बीजीकरण करता आले, तर रात्रीचे ओरडणे, मूत्राने हद्द आखणे आणि बोक्यांच्या मारामाऱ्या यांत मोठी घट होते, आणि कुत्र्याला चेतवणारी अर्धी कारणे त्याबरोबर कमी होतात. वाड्यांमध्ये आणि जुन्या पेठांमध्ये, जेथे दोन घरांचे एकच अंगण असते, तेथे अशा समजुतीवाचून कोणताही उपाय टिकत नाही.

कायद्याची बाजूही वाचकांना माहीत असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात हयगय करणे आणि केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर चिथावणे हे गुन्हे आहेत. मांजराला विष घालणे, मारणे किंवा अपंग करणे यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. उंदरांसाठी ठेवलेले विष कुत्र्याच्या ताटलीजवळ ‘मांजर खाईल’ म्हणून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण बहुतेक वेळा ते त्यांचा स्वतःचा कुत्राच खातो.

काही कुत्र्यांच्या बाबतीत वरील सर्व उपाय अपुरे पडतात. वृद्ध, सांधे दुखणारा किंवा दृष्टी मंदावलेला कुत्रा पूर्वी सहज सोसत असलेली खोडी एकाएकी सोसेनासा होतो. अशा बदलामागे दुखणे असण्याचा संभव मोठा असतो, म्हणून शिकवण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी. अंतर वाढवूनही थरथरणे, लाळ गाळणे, रात्रभर भुंकणे किंवा घरातल्या माणसावर दात काढणे चालू राहिले, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय असून अवघड रुग्णांसाठी तेथील तज्ज्ञांचाही सल्ला घेता येतो. जाताना मांजराच्या येण्याच्या वेळांची नोंद, कुत्र्याच्या वागण्याचे दुरून घेतलेले छोटे चित्रण, लसीकरणाची पुस्तिका आणि त्याला दिवसातून किती तास बांधले जाते याची खरी माहिती बरोबर न्यावी. यांपैकी शेवटची गोष्ट सांगताना मालक बहुधा संकोचतो, परंतु निदानासाठी पशुवैद्यकाला तिचीच सर्वांत अधिक गरज असते.